साठा सुताचा

गोधडी शिकायला येणाऱ्या पोरींचा पहिला प्रश्न ठरलेला, "काकू, कापड किती लागंल?" किती ते नंतर, कोणतं ते आधी पाहावं. गोधडीला सुतीच हवं. सिंथेटिक साडी टाक्याखाली सरकते, घाम टिपत नाही आणि कितीही वापरली तरी सुतासारखी मऊ पडत नाही.

आमचं जऊळका वऱ्हाडातलं, म्हणजे कापसाच्या मुलखातलं. तरी पावसाळ्यात अकोला-पूर्णा गाडीच्या खिडकीतून पाहाल तर नजर पोचेल तिथवर सोयाबीन. घरातही तीच गत. आजीच्या पेटीत लुगडी असत. आमच्या कपाटात पॉलिस्टर. त्यामुळे जुनेराचं बोचकं आता आपोआप भरत नाही, सूत शोधावं लागतं.

पॉपलिनचे परकर, धोतरं, उपरणी, विरलेल्या चादरी बाजूला काढा. ओटीतले ब्लाऊजपीस या घरून त्या घरी फिरतच असतात. त्यातले सुती तेवढे आपल्याकडे थांबवा. शिंप्याकडून कातरण मागून आणा. शंका आली तर एक धागा जाळून पाहा. सुताची भुरभुरीत राख होते, पॉलिस्टर वितळून त्याचा टणक मणी होतो.

आणलेलं कापड आधी धुवा. खळ निघते, आटायचं ते तेव्हाच आटतं. नवं कोरं कापड न धुता जुन्याशी जोडलं, तर पहिल्या धुण्यात गोधडी चुरगळते. गडद रंगावर ओली पांढरी चिंधी घासा. रंग उतरला तर तो तुकडा वेगळा ठेवा.

मग उजेडात धरून तीन ढीग करा. दमदार कापड अस्तराला, विरलेलं आतल्या भराला, रंगीत तुकडे वरच्या अंगाला. साडेपाच मीटरची सुती साडी तिहेरी घातली की सुमारे 1.8 मीटर लांबीचे तीन थर मिळतात. एका माणसाच्या गोधडीला अशी एक साडी आणि वरच्या अंगापुरते तुकडे पुरतात.

अमेरिकेत अलाबामातल्या गीज बेंडच्या बायकांनी कामाच्या विटक्या कपड्यांतून रजया शिवल्या. 2002 साली त्या ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात मांडल्या गेल्या. त्यांचाही साठा अंगावरून उतरलेलाच होता.

उन्हाळ्यात रान मोकळं झालं की शिवायला बसा. आणि पहिली गोधडी पुरी होईस्तोवर दुसरं बोचकं बांधू नका.