आडातलं आणि काठावरचं

आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? दोन दिवस ही म्हण डोक्यातून हलत नाही. म्हणणाऱ्याला उत्तर नकोच असतं, ते ठाऊक आहे. पण ज्यातून प्रकाशसुद्धा वर येत नाही अशा आडापाशीच विश्वातला सगळ्यात लख्ख उजेड असतो, त्याचं काय करायचं?

थ्री सी २७३ घ्या. दिसायला साधा ताऱ्यासारखा ठिपका. १९६३ साली मार्टेन श्मिट यांना त्याच्या वर्णपटात हायड्रोजनच्या ओळखीच्या रेषा सोळा टक्के सरकलेल्या सापडल्या आणि तो तारा नव्हेच, हे कळलं. दोनशे कोटी प्रकाशवर्षांहून लांब असूनही तो दिसत होता. म्हणजे अख्ख्या दीर्घिकेला फिकं पाडणारा उजेड, आणि तोही तिच्या इवल्याशा गाभ्यातून! तिथे आहे कृष्णविवर. पण उजेड विवराचा नव्हे, त्यात पडू पाहणाऱ्या वायूचा. तो सरळ पडत नाही. गरगरतो, थराला थर घासतो, तापतो, आणि गडप होण्याआधी पेटून उठतो.

तेव्हा पोहऱ्यात आलं ते काठावरचं.

आजीच्या आडाचा काठ दगडी होता. दोर घासून घासून त्यात करंगळी बसेल एवढ्या खाचा पडलेल्या. पोहरा वर येईतो निम्मा हिंदकळायचा. आम्ही पोरं ओढायला लागलो की जास्तच. आजी रागवायची नाही, कारण त्या सांडलेल्या पाण्यावर तिचं अळू पोसलेलं. पाहुणे आले की फदफदं ठरलेलं. पुढे नळ आला, आडावर फरशी पडली, दोर गोठ्यात गेला. अळू मात्र नंतरही कितीतरी दिवस हिरवंगार होतं.

हॅनी व्हॅन आर्केल या डच शिक्षिकेला २००७ मध्ये आयसी २४९७ या दीर्घिकेशेजारी असाच एक वायूचा ढग दिसला. ढग झगझगीत, पण त्याला उजळवणारा गाभा मंदावलेला. पूर्वी निघालेला उजेड तेवढा लांबच्या वाटेने ढगापर्यंत पोचत होता.

इथे माझी म्हण जुळली असं वाटलं खरं. पण अळू सांडलेल्या पाण्यावर जगत होतं, की फरशीखालच्या ओलीवर? ओल असेल तर ती आडातलीच, म्हणजे म्हण बरोबर. आजीला विचारायला हवं होतं.

आपल्या आकाशगंगेच्या मधोमधही सुमारे चाळीस लाख सूर्यांएवढ्या वस्तुमानाचं विवर आहे. सध्या त्यात फारसं काही पडत नाही.