भंडारा म्हणजे जेवण नव्हे!

नावावरून फसावे असा आमचा जिल्हा आहे. गेल्या हिवाळ्यात मुंबईच्या एका जुन्या मित्राला फोन केला, "चार दिवस भंडाऱ्याला ये." तो लगेच म्हणाला, "कोणाचा भंडारा आहे? पंगत किती वाजता?" त्याला समजावून सांगितले, की बाबा रे, हे गावाचे नाव आहे, जेवणाचे आमंत्रण नव्हे. तो थोडा हिरमुसला, पण आला.

दुसरी निराशा रेल्वेने केली. तिकिटावर 'भंडारा रोड' लिहिलेले. मित्र पिशवी घेऊन उतरला आणि फाटकाबाहेर येऊन विचारू लागला, "वैनगंगा कोणत्या बाजूला?" हे स्टेशन आहे वरठीला. भंडारा शहर तिथून आठ-दहा किलोमीटर. ऑटोवाला शांतपणे म्हणाला, "येथं गाडी थांबते जी. गाव तिकडं हाय." भंडारा रोडमधल्या 'रोड' या शब्दाचे महत्त्व बाहेरच्या माणसाला असे पैसे मोजूनच कळते.

तिसरी निराशा पितळेची. भाण म्हणजे पितळ, त्यावरून भंडारा, असे सांगतात. इथली पितळेची भांडी एके काळी दूरवर जात. मित्राच्या आईने पाण्याचा गुंड आणायला सांगितला होता. दुकानात गेलो तर फळ्यांवर सगळे स्टील चकाकत होते. पितळ मागच्या बाजूला, आणि भाव वजनावर. काट्यावर गुंड चढला, मित्राने भाव ऐकला, गुंड उतरला. शेवटी एक गडवा घेऊन आम्ही बाहेर पडलो. "आईला सांगेन, गुंडाचे पिल्लू आणले," मित्र म्हणाला.

दुसऱ्या दिवशी पवनीला जायचे ठरले. बरोबर निवृत्त गुरुजी, माझी मावशी आणि दहावीतला भाचा. एसटी पहेला, अड्याळ करीत निघाली. धान निघून गेलेल्या बांध्यांत लाखोळी हिरवीगार उभी होती. धान कापायच्या आधीच तिचे बी ओल्या बांधीत फेकतात, नांगर लागत नाही. गरिबाचे पीक. मावशीने वाटेतच जाहीर केले, की डब्यात लाखोळीचे वडे आहेत, पण घाटावर पोचेपर्यंत कोणी हात लावायचा नाही.

पवनी म्हणजे जुन्या तटाचे गाव. जवाहर गेटातून आत शिरले की गल्ल्या, विणकरांची वस्ती, पुढे वैनगंगेचे घाट. आम्हाला मात्र जगन्नाथ टेकडी पाहायची होती. 1969-70 साली नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व खाते यांनी इथे उत्खनन केले. डॉ. शां. भा. देव आणि ज. प्र. जोशी यांनी त्याचा अहवाल लिहिला. टेकडीच्या पोटात प्रचंड स्तूप निघाला. सांचीच्या मोठ्या स्तूपाचा व्यास सुमारे 36 मीटर, पवनीचा सुमारे 40 मीटर! गुरुजींनी ही माहिती एसटीत इतक्या जोरात सांगितली, की कंडक्टरही ऐकत उभा राहिला.

त्यामुळे भाच्याच्या डोळ्यांपुढे पाठ्यपुस्तकातले सांचीचे चित्र. तो धावत वर गेला आणि तितक्याच वेगाने परत आला. "स्तूप कुठं आहे?" वर मंदिर, खाली माती, गवत, विटा. कोरीव दगड संग्रहालयांत गेलेले. गुरुजी म्हणाले, "तू स्तूपावरच उभा आहेस." भाच्याने पायाखाली पाहिले. त्याचे समाधान झाले नाही, पण त्याने चपला काढून हातात घेतल्या.

मग गुरुजींनी दगडांची गोष्ट सांगितली. स्तूपाभोवतीच्या कठड्याचे दगड लोकांनी दान दिले होते आणि त्यांवर ब्राह्मी लिपीत देणाऱ्यांची नावे कोरली होती. एका शिल्पात फणा काढलेला नाग आहे, खाली त्याचे नाव मुचरिंद नाग. भगवंतांवर पावसात फणा धरणारा तोच मुचलिंद. आणि एका दगडावर विसमिता नावाच्या उपासिकेचे दान नोंदले आहे, सर्व जीवांच्या सुखासाठी. दोन हजार वर्षांहून अधिक काळ झाला.

"बाईचं नाव?" मावशीने विचारले.

"बाईचंच. विसमिता."

"नवऱ्याचं नाही?"

"नाही."

मावशी गप्प झाली. आम्हाला कारण माहीत होते. मावशीने आयुष्यभर बिड्या वळल्या. हजार बिड्यांमागे मोजून पैसे, त्यातही काही खराब म्हणून बाजूला काढलेल्या. त्या पैशातून तिने गावच्या विहाराच्या फरशीला दान दिले. पाटी रंगवली तेव्हा तिच्या दानापुढे नाव लागले मावसाजींचे. मावसाजी बिचारे हयात असताना म्हणत, "म्या तं एक फरशीही देली नाही." पण पाटी तशीच राहिली.

घाटावर डबा सुटला. वडे खाताना भाच्याने शाळेतला प्रश्न काढला, "बाबासाहेब भंडाऱ्यातून निवडणूक हरले होते ना? आपल्याच जिल्ह्यात?" घास थांबला सगळ्यांचा. गुरुजींनी सांगितले. 1952 मध्ये मुंबईत पराभव झाला, त्यानंतर मे 1954 मध्ये भंडाऱ्याची लोकसभेची पोटनिवडणूक. मतदारसंघ दोन जागांचा, एक सर्वसाधारण, एक राखीव, आणि प्रत्येकाला दोन मते. राखीव जागेवर काँग्रेसचे भाऊराव बोरकर आठ हजारांहून थोड्या अधिक मतांनी निवडून आले, सर्वसाधारण जागेवर प्रजा समाजवादी पक्षाचे अशोक मेहता. आपले एकच मत बाबासाहेबांना द्यावे आणि दुसरे कुजवावे, असे काही कार्यकर्त्यांना वाटत होते. बाबासाहेबांनी ते मान्य केले नाही, असे जुनी माणसे सांगतात. ज्यांनी घटना लिहिली त्यांनी मत वाया घालवायला कसे सांगावे?

मावशी तेव्हा सात वर्षांची. ती म्हणाली, "निकाल आला त्या दिवशी माह्या बापानं भाकर खाल्ली नाही. मले वाटलं, घरात कोनी मेलं." मग नदीकडे पाहत भाच्याला म्हणाली, "पण बाबू, दोन वर्षांनी त्याच बापाच्या खांद्यावर बसून मी नागपूरले गेली. दीक्षा घ्याले. 14 ऑक्टोबर 1956. भंडाऱ्यात मतं मोजली, तेथं मोजनाराच नव्हता. डोकीच डोकी."

भाच्याने शेवटचा वडा न मागता तिच्या पुढे सरकवला. त्याच्या बाबतीत ही मोठीच गोष्ट.

वाचक बंधुभगिनींनो, पवनीला जरूर जा, मुलाबाळांना न्या. उभा स्तूपच पाहायचा असेल तर जवळच रुयाड येथे पञ्ञा मेत्ता संघाने महासमाधीभूमीचा मोठा स्तूप उभारला आहे. आम्हीही परतताना गेलो, भाच्याची तक्रार तिथे मिटली. पण जगन्नाथ टेकडी चुकवू नका. जाताना मुलांना आधीच सांगून ठेवा, की दिसण्यासारखे थोडे आहे, ऐकण्यासारखे पुष्कळ. डबा घरून न्या.

गेल्या महिन्यात गावच्या विहाराला नवा रंग लागला. पाटीही पुन्हा लिहायची होती. मावशी सकाळीच पेंटरजवळ जाऊन बसली. "माहं नाव वर लिहा," तिने सांगितले, "त्याईचं लिहायचं असन तं खाली लिहा. बारीक." पेंटरने अक्षरे आखली. पहिल्या खेपेला वेलांटी चुकली. मावशीने पुसून पुन्हा लिहायला लावली, आणि रंग वाळेपर्यंत तिथून उठली नाही.