राजवाड्यातली खोली

"काय बे, एका रात्रीचं एवढं भाडं? तेवढ्यात आपली वर्षाची मेस निघते!"

इंडस्ट्रियल व्हिजिटहून परत येताना बसमध्ये हीच चर्चा चालली होती. हैदराबादला चारमिनार बघून झाला आणि मग फलकनुमा पॅलेस बघायला गेलो. 'बघितला' म्हणायचं एवढंच, कारण बुकिंगशिवाय आत सोडत नाहीत. आम्ही चाळीस जण फाटकावरूनच मागे फिरलो.

मला मात्र भाड्यापेक्षा त्या वाड्याच्या नशिबाचं नवल वाटलं. सर विकार-उल-उमरा यांनी तो १८८४ साली बांधायला घेतला, पुढे तो सहाव्या निजामाकडे गेला. १०१ माणसं एकदम जेवतील असं टेबल आत आहे म्हणे. (आपल्या मेसला दोन पाळ्या कराव्या लागतात, तेही डाळ पातळ करून!) संस्थान गेलं आणि वाडा कित्येक वर्षं कुलपात पडला. ताजवाल्यांनी दुरुस्ती करून २०१० साली तिथं हॉटेल सुरू केलं. राजस्थानातले राजे त्यात आधीच हुशार. जयपूरचा रामबाग १९५७ मध्येच हॉटेल झाला, उदयपूरचा तळ्यातला महाल १९६३ मध्ये. १९७१ साली तनखे बंद झाल्यावर तर बऱ्याच जणांपुढे प्रश्नच पडला. एवढ्या मोठ्या छपराची नुसती गळती काढायची म्हटलं तरी पैसा लागतो, मग राजा असो की रेक्टर.

म्हणून हॉटेल झालं याला मी नावं ठेवत नाही. पण हॉटेल झालं की वाडा कायमचा तरला, असंही नाही. कोल्हापुरात रंकाळ्याकाठी शालिनी पॅलेस आहे. १९८७ साली तिथं हॉटेल निघालं. रंकाळ्यावर भेळ खाताना त्याचे दिवे दिसायचे, असं माझी मावशी सांगते. तिनंही ते बाहेरूनच बघितले. पुढे ते हॉटेलही बंद पडलं.

घरी आल्यावर बाबांना सगळं सांगितलं. बाबा अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात मागावर आहेत. त्यांनी ना निजामाचं विचारलं, ना भाड्याचं.

"टॉवेल कसले होते रे तिथं? जाड होते का?"

"आत सोडलंच नाही, बाबा."

"आपला माल हॉटेलांना जातो. कुठल्या, ते व्यापाऱ्याला ठाऊक. हात लावून बघितला असतास तर कळलं असतं."

यावर काय बोलणार? त्यांच्या हातचा टॉवेल कदाचित कुठल्यातरी राजाच्या न्हाणीघरात टांगलेला असेल, आणि त्यांना काळजी त्याच्या जाडीची!

बसमध्ये एकानं टूम काढली होती, आपल्या इंद्रभुवनचंही असं हॉटेल करायला पाहिजे, सोलापूरचं नाव होईल. इंद्रभुवन काही राजाचं नव्हे, अप्पासाहेब वारद या व्यापाऱ्यानं बांधलेलं. पण नक्षी बघितली तर कुठल्याही राजवाड्याच्या शेजारी उभं राहील. पुढे तिथं महापालिका आली. मी बसमध्येच 'नको' म्हणालो, तेव्हा पोरं हसली.

बाबांना ही टूम सांगितली, तर तेही हसले. घरपट्टीच्या कामाला गेले होते तेव्हा साहेब जेवायला गेलेले. दोन तास बाबा तिथंच बसले, डबा सोडला, भाकरी खाल्ली आणि वरची नक्षी बघत राहिले. कुणीही उठवलं नाही.