मालगुजाराचा कोठा

सावनेर तालुक्यातल्या आमच्या गावात वाड्यापेक्षा कोठा मोठा. वाड्यात पाहुणे येतात-जातात, कोठ्यातले बैल मात्र बारा महिने राहतात, असं माझे आजोबा, आबाजी, म्हणत. मातीच्या जाड भिंती, सागवानी खांब, वर कवेलू. माळ्यावर कुटार भरलेलं असे. फळीतल्या झरोक्यातून ते सरळ गव्हाणीत लोटायचं. ज्यानं कोणी ही सोय केली, त्यानं रात्री उठून वैरण टाकली असणार.

३१ मार्च १९५१ ला मालगुजारी गेली. जंगल, तलाव सरकारजमा झाले. घरच्या वहितीची जमीन आणि हा कोठा तेवढा उरला. वसुली गेली याचं आबाजींना फार वाटलं नाही, पण जोड्या विकताना ते बाजारात स्वतः जात नसत. पुढे तालुक्यात कोळशाच्या खाणी आल्या, सालदारांची पोरं तिकडे लागली. बैल आणखी कमी झाले.

मला आठवतो तो कापसाचा कोठा. १९७२ ला एकाधिकार खरेदी सुरू झाली. केंद्रावर नंबर लागेपर्यंत कापूस घरातच ठेवायचा आणि चुकारे हप्त्यांनी घ्यायचे. बाबांनी गव्हाणी फोडल्या, बंडी आत यावी म्हणून दार रुंद केलं. आम्ही पोरं गंजीत उड्या मारायचो. गंजी उन्हाळ्यापर्यंत राहिली की अंगाला अशी खाज सुटायची, की आई आम्हाला ओसरीवरसुद्धा येऊ देत नसे. मग बगीचा लावला. आंबिया बहाराची संत्री निवडायला उजेड हवा, वारा हवा. भिंतीला खिडक्या पडल्या. सोयाबीन आलं तेव्हा ओलीनं पोती खराब होऊ नयेत म्हणून फरशी झाली. कवेलू माकडांनी संपवले. दरवर्षी छप्पर फेरायला माणूस मिळेना, तेव्हा टिनं चढवली. दिसायला वाईट आहेत, हे मलाही कळतं.

मागच्या वर्षी पुतण्यानं नागपूरहून वास्तुविशारद आणला. कोठा मूळ रूपात आणायचा, पर्यटकांना राहायला द्यायचा, असा बेत. मी विचारलं, "मूळ म्हणजे कोणत्या सालचं?"

"मालगुजारीच्या काळातलं, काका."

म्हणजे खिडक्या बुजवायच्या, दार अरुंद करायचं, गव्हाणी नव्यानं बांधायच्या. बाबांच्या हातचं सगळं पुसून आबाजींचं तेवढं खरं ठरवायचं. आणि बैल? ते चित्रात असतील, असं तो हसत म्हणाला. मला ते पटलं नाही. कापसासाठी रुंद केलेलं ते दार आहे म्हणून तर आज ट्रॅक्टर आत शिरतो.

वास्तुविशारदाच्या नकाशात गव्हाणी आठ होत्या, ट्रॅक्टर उभा करायला जागा नव्हती. पुतण्या थोडा रुसला. आम्ही पावसाआधी पश्चिमेची भिंत माती-कुटारानं लिंपून घेतली, वाळवी लागलेला एक खांब बदलला. ठिबकच्या नळ्यांना उंदीर लागत होते. त्यांची वेटोळी आता माळ्यावर टांगली आहेत.