दुसरा रनअप

बंगळुरूच्या सर्जापूर रोडवर क्रिकेट उदंड आहे, पण वेगवान गोलंदाजाला धावायला जागा नाही. इब्लूरहून सर्जापूरकडे निघालं की उंच इमारतींच्या मधूनमधून हिरव्या जाळ्यांत बंद केलेले टर्फ दिसतात. रात्री उशिरापर्यंत तिथे दिवे लखलखत असतात, ऑफिसातून परस्पर आलेली मुलं टेनिस बॉलने खेळत असतात. पण सगळे फलंदाज. गोलंदाज दोन-तीन पावलं टाकतो आणि चेंडू सोडतो, कारण त्याच्या पाठीला लगेच जाळी लागते. या शहराने आणि या राज्याने श्रीनाथ, वेंकटेश प्रसाद, विनय कुमार, प्रसिध कृष्णा असे एकाहून एक गोलंदाज दिले, हे त्या जाळीपाशी उभं राहून आठवलं की जीव हळहळतो.

आतल्या एका रस्त्याला मात्र मातीचा एक तुकडा अजून शिल्लक आहे. सकाळी तिथे नेट लागतं. चौदा-पंधरा वर्षांचा एक डावखुरा मुलगा तिथे येतो, आपल्याकडचाच, नगर जिल्ह्यातला. त्याच्या डाव्या बुटाचा पुढचा भाग घासून पांढरा पडलाय. चेंडू सोडताना मागचा पाय जमिनीवरून ओढला जातो, म्हणून चवडा आधी झिजतो. त्यावर चांभाराकडून जाड चामड्याचा तुकडा शिवून घेतलेला आहे आणि तोही आता कडेने उसवलाय. त्या बुटाकडे पाहिलं की पोरगं किती टाकतंय ते कळतं. जाळीबाहेर उभे असलेले त्याचे वडील मात्र प्रशिक्षकांना दर वेळी एकच विचारतात, "सर, स्पीड किती पडत असेल हो याचा?"

नगर जिल्हा आणि डावखुरा वेगवान गोलंदाज म्हटलं की आमच्या पिढीच्या मनात एकच नाव येतं. झहीर खान. जन्म ७ ऑक्टोबर १९७८, श्रीरामपूर. रेल्वेने जाणाऱ्याला श्रीरामपूरसाठी बेलापूर नावाच्या स्टेशनवर उतरावं लागतं. ऊस, साखर कारखाने आणि बाजारपेठ यांसाठी ओळखलं जाणारं हे गाव. तिथला एक मुलगा इंजिनिअरिंगची वाट सोडून सतराव्या वर्षी मुंबईला येतो, नॅशनल क्रिकेट क्लबमध्ये सुधीर नाईकांच्या हाताखाली खेळतो, चेन्नईच्या एमआरएफ पेस फाउंडेशनमध्ये डेनिस लिली आणि टी. ए. शेखर यांच्याकडे शिकतो, आणि मुंबईच्या संघात जागा होत नाही म्हणून बडोद्याकडून रणजी खेळतो. पुढचा टप्पा याच शहरातला. २००० साली बंगळुरूला राष्ट्रीय क्रिकेट अकादमी सुरू झाली आणि पहिल्याच तुकडीत झहीर होता. त्याच वर्षी नैरोबीत, नेमक्या बाविसाव्या वाढदिवशी, त्याने स्टीव्ह वॉचा यॉर्करवर त्रिफळा उडवला.

आपण मराठी माणसं ही गोष्ट इथवर फार प्रेमाने सांगतो. इथून एकदम २०११च्या विश्वचषकावर येतो. मधली वर्षं कुणी सांगत नाही, आणि मला तर तीच वर्षं खरी वाटतात.

२३ मार्च २००३, जोहान्सबर्ग. विश्वचषकाची अंतिम फेरी. पहिलं षटक झहीरचं. डोक्यात रक्त चढलेला तरुण गोलंदाज, समोर हेडन आणि गिलख्रिस्ट. नोबॉल, वाइड, चौकार. त्या षटकात १५ धावा गेल्या. दिवसअखेर त्याच्या नावापुढे ७ षटकं, ६७ धावा, बळी शून्य. पुढची दोन-तीन वर्षं दुखापतींची, आत-बाहेरची. २००६च्या सुरुवातीला पाकिस्तानातून परतल्यावर तो कसोटी संघाबाहेर गेला. वय २७. आपल्याकडे या वयात गोलंदाजाला म्हातारा ठरवायला वेळ लागत नाही.

तो इंग्लंडमधल्या वूस्टरशायरला गेला. न्यू रोडचं मैदान, शेजारून वाहणारी सेव्हर्न नदी, पलीकडे कॅथेड्रल. आठवड्यामागून आठवडे चार-चार दिवसांचे सामने, समोर फार तर काही शे प्रेक्षक. हातात ड्यूक्सचा चेंडू, ज्याची शिवण बोटांना उंच लागते. त्या एका उन्हाळ्यात त्याने काउंटी चॅम्पियनशिपमध्ये ७८ बळी घेतले, एसेक्सविरुद्ध एका डावात तर ९. पण मला आकड्यांहून मोलाची वाटते ती दुसरी गोष्ट. त्याने रनअप आखूड केला. लहानपणापासून जी धाव अंगात मुरलेली असते, जिच्या तालावर खांदा, मनगट, श्वास सगळं बसलेलं असतं, ती मोडायची आणि नव्याने बसवायची. चांगल्या गवयाने ऐन भरात सूर बदलून घ्यावा, तसं हे काम. वेग थोडा जाणार हे त्याला ठाऊक असणारच. त्याने तो जाऊ दिला आणि ताबा मिळवला. त्याची कारकीर्द खरी चढली ती इथून.

पुढच्याच वर्षी, २००७ मध्ये, ट्रेंट ब्रिजला त्याचं फळ दिसलं. इंग्लंडच्या कोणीतरी खेळपट्टीवर जेली बीन टाकली आणि झहीर खवळला, ही गंमत सगळ्यांना आठवते. त्या सामन्यात त्याने ४ आणि ५ असे ९ बळी घेतले, भारताने सामना जिंकला, आणि १९८६ नंतर प्रथमच इंग्लंडमध्ये मालिका जिंकली. राग त्याला २००३ मध्येही आला होता. या वेळी तो रागावलेला असताना चेंडू मात्र हव्या त्याच जागी पडत होता.

बंगळुरूकरांनी त्याचं हे दुसरं रूप २७ फेब्रुवारी २०११ला, विश्वचषकात, चिन्नास्वामीवर पाहिलं. भारताच्या ३३८. इंग्लंड २ बाद २८१, स्ट्रॉस १५८वर आणि सामना जवळजवळ गेलेला. जुना चेंडू झहीरच्या हातात. धावत येताना तो उजव्या तळव्याने चेंडू झाकत असे. चकाकती बाजू कुठे आहे ते फलंदाजाला दिसू नये म्हणून शेवटच्या क्षणापर्यंत दोन्ही हात जवळ, आणि मगच डावा हात वर. बेल झेलबाद. पुढच्याच चेंडूवर आत वळणारा यॉर्कर, स्ट्रॉस पायचीत. मग कॉलिंगवूड. बघता बघता ५ बाद २८५. सामना बरोबरीत सुटला. त्या दिवशी सचिनने १२० केल्या होत्या, तरी मला तो सामना आठवतो तो या स्पेलमुळेच.

त्याच स्पर्धेत पुढे, २ एप्रिलला, वानखेडेवर अंतिम फेरी होती. ती खेळपट्टी केली होती सुधीर नाईकांनीच. सतरा वर्षांच्या पोराला ज्यांनी उभं केलं, त्यांनीच राखलेल्या मातीवर झहीरने पहिल्या स्पेलमध्ये ५ षटकं टाकली. ३ निर्धाव, ६ धावा, १ बळी. जोहान्सबर्गच्या त्या पहिल्या षटकानंतर आठ वर्षांनी. शेवटच्या षटकांत त्याला मार पडला, तरी स्पर्धेत त्याचे २१ बळी झाले. तेवढे आफ्रिदीचेच होते.

सर्जापूर रोडवरच्या त्या वडिलांना ही मधली वर्षं सांगावीशी वाटतात. इथली कामावर जाणारी माणसं, मीही त्यांतलाच, दर सहा महिन्यांनी प्रगती मोजायला शिकलेली आहेत, आणि तीच सवय घेऊन आम्ही मुलांच्या नेटपाशी उभे राहतो. चौदाव्या वर्षी किती किलोमीटर, सोळाव्या वर्षी कुठला संघ. वेगवान गोलंदाज असा घडत नाही. वाढत्या हाडांच्या पोराकडून वेगासाठी जादा चेंडू टाकून घेतले तर आधी पाठ जाते. कमरेच्या मणक्याला बारीक तडा गेला की महिनेच्या महिने हातात चेंडू धरता येत नाही. त्या पोराची लय, त्याची झोप आणि आठवड्याला तो किती चेंडू टाकतो हे सांभाळायला हवं. वेगाचं पुढे बघता येईल.

फेब्रुवारी २०१४ मध्ये वेलिंग्टनला झहीर आपली शेवटची कसोटी खेळला. मॅक्युलमने त्रिशतक केलं त्या डावात ३५ वर्षांच्या झहीरने ५१ षटकं टाकली आणि १७० धावांत ५ बळी घेतले. ३०२वर बाद झालेला मॅक्युलम त्या पाचांपैकी एक होता. कसोटीतले त्याचे बळी तिथे ३११ झाले.