पुठ्ठ्याची धोंड

पिंपरी-चिंचवडमधल्या बऱ्याच कारखान्यांना सुट्टी रविवारी नसते, गुरुवारी असते. विजेचा भार विभागण्यासाठी सुट्टीचे वार वाटून दिले गेले, त्यात आमच्या भागाच्या वाट्याला गुरुवार आला. आमच्या ख्रिस्ती घराला तो फार लाभला. पवित्र गुरुवारी पप्पा दिवसभर घरी असत आणि ईस्टरच्या सजावटीचं काम त्याच दिवशी निघे.

साहित्य मात्र आधीपासून जमायचं. चाकण आज गाड्यांच्या कारखान्यांमुळे ओळखलं जातं. आईचं चाकण म्हणजे कांदा-बटाट्याचा बाजार. तिथल्या कांद्यांची वरची कोरडी सालं ती उपवासकाळाचे चाळीस दिवस कापडी पिशवीत साठवायची. गुरुवारी ती पातेल्यात उकळायची, पाणी गडद तांबडं झालं की गाळून त्यात थोडं व्हिनेगर. ते आम्ल कवचाला किंचित खातं, म्हणून रंग नीट धरतो. अंड्यावर मेथीचं पान चिकटवायचं, जुन्या पायमोज्याच्या तुकड्यात आवळून बांधायचं आणि त्याच पाण्यात उकडायचं. गाठ सोडताना मी श्वास रोखून धरायची. तांबूस कवचावर मेथीच्या पानाची तीन दलं फिकट उमटलेली असत, कधी कधी देठासकट. वरून तेलाचं बोट फिरवलं की अंडं चकाकायचं. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती घरांतही अंडी लाल रंगवतात, ख्रिस्ताच्या रक्ताची खूण म्हणून, हे मला पुष्कळ नंतर कळलं. आमच्या लालीला कांद्याचा वास होता. तो वास आला की अजून मला सण दाराशी आल्यासारखं वाटतं.

झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रविवारी, आई परातीत माती पसरून गहू पेरायची. आठवड्यात बोट-बोट हिरवळ उभी राही. शेजारच्या काकू डोकावून म्हणायच्या, "चैत्रात घट बसवलेत होय गं?" आई म्हणायची, "बसवलेत की." काकू गुढीची उरलेली गाठी माझ्या हातावर ठेवायच्या. २१ मार्चला किंवा त्यानंतर जी पौर्णिमा येते, तिच्या पुढच्या रविवारी ईस्टर. त्यामुळे आमचा सण बहुतेक चैत्राच्या चांदण्यातच येतो. २०२६ मध्ये तर पवित्र गुरुवार आणि हनुमान जयंती एकाच दिवशी, २ एप्रिलला.

त्या हिरवळीत येशूची कबर उभी करायची, हे पप्पांचं काम. सुट्या भागांच्या खोक्याचा जाड पन्हाळी पुठ्ठा आणि भिजवून कुटलेला अंड्यांचा ट्रे, एवढ्यात डोंगर व्हायचा. दिवसभर मशीनवर मापात काम करणारा माणूस इथे मुद्दाम ओबडधोबड लिंपायचा. खडकाला माप नसतं म्हणायचा. पण दाराशी लावायच्या धोंडेला मात्र माप होतं. धोंड हा आमच्या मराठी बायबलातला शब्द, आणि पप्पा तो उच्चारायचे तेव्हा त्याला वजन यायचं. पुठ्ठ्याच्या चार चकत्या एकमेकींवर चिकटवून ते ती करत, खाली तिच्यासाठी चर पाडत. "उचलायची नाही, लोटायची," म्हणत.

एका वर्षी मी आत झोपवायला छोटी बाहुली आणली. पप्पांनी ती हळूच परत माझ्या हातात दिली. "आत काही ठेवायचं नाही. आत काही नाही, हीच तर बातमी आहे." मग आईने पांढऱ्या मलमलीची एक पट्टी घडी करून ठेवली, तेवढीच.

आता दुकानात प्लास्टिकची अंडी मिळतात, दोन भागांत उघडणारी. मी ती घेत नाही. त्यांच्या आत कधी जीव असण्याची शक्यताच नव्हती, मग त्यांचं रिकामेपण मला काय सांगणार?

उत्तम शुक्रवारी धोंड लावलेली असे. रविवारी अंधारातच उठून आम्ही सूर्योदयाच्या उपासनेला जायचो. परत आल्यावर पप्पा युनिफॉर्म घालून परातीपुढे उकिडवे बसत आणि एका बोटाने धोंड लोटत. चर जरासा ओला असला तर ती अडायची. ते थांबत, पुन्हा लोटत. मग आई डब्यात चार अंडी ठेवायची, एक त्यांचं, तीन सोबत जेवणाऱ्यांची, आणि ते पहिल्या पाळीची बस गाठत.

दुपारी डबा परत यायचा. त्यात कागदात बांधलेली तांबडी टरफलं असत. त्यांनी ती सगळ्यांकडून मागून घेतलेली असत. मी ती बारीक चुरून गव्हाच्या रोपांमधून वाट घालायची, थेट कबरीच्या उघड्या दारापर्यंत.