फाटक किती उघडायचं?

‘क्लाउड’ या शब्दाने आपली सगळ्यांची मस्त समजूत करून दिलीय. आपला डेटा म्हणे वर कुठेतरी ढगात तरंगतो! प्रत्यक्षात तो ऐरोली, महापे अशा ठिकाणी, एसीच्या गारव्यात, लोखंडी रॅकमध्ये बसलेला असतो. आणि त्याला बाहेरच्या जगाशी जोडणारी व्यक्ती कधी कधी नंदाखालच्या वाडीतल्या घरात मांडीवर लॅपटॉप घेऊन बसलेली असते.

ही व्यक्ती म्हणजे माझी मावसबहीण. ताई नेटवर्क इंजिनीअर आहे. आठवड्यातले दोन दिवस विरार फास्ट, बाकीचे दिवस घरून काम. ती नेमकं काय करते असं विचारलं, की घरातले ‘इंटरनेटचं काहीतरी’ म्हणून मोकळे होतात.

मे महिन्यातल्या एका शनिवारी मी तिच्याकडे मुक्कामाला होते. पॅथॉलॉजी लॅब्जच्या एका साखळीचे रिपोर्ट्स नव्या व्हर्च्युअल डेटा सेंटरमध्ये हलवायचे होते. हे म्हणजे दुसऱ्याच्या इमारतीत भाड्याने घेतलेला मजलाच. प्रोसेसर, मेमरी, स्टोरेज आपल्या वाट्याचं, भिंती मात्र सॉफ्टवेअरच्या. सर्व्हर तयार होते. सकाळी सातला पेशंट्सना मोबाइलवर रिपोर्ट दिसायला हवे होते. बाहेरची जोडणी तेवढी बाकी होती.

‘‘मग केबल कुठे लावणार?’’

‘‘कसली केबल? सगळं माऊसने,’’ ताई हसली. ‘‘नेटवर्क तीन प्रकारचं. पहिलं बंद, आतल्या आत बोलायचं. दुसरं थेट, म्हणजे घराचं दार सरळ हायवेवर. तिसरं गेटवेमधून. वाडीला कुंपण आणि एकच फाटक.’’

तिने तिसरं निवडलं. गेटवेची एक बाजू क्लाउड कंपनीने दिलेल्या बाहेरच्या नेटवर्कला, दुसरी आतल्याला. आतल्या सर्व्हर्सना १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते. हे खासगी पत्ते १९९६ पासून जगभर ठरलेले आहेत. तुमच्या-माझ्या घरच्या वायफायवरही बहुधा हेच असतात, कारण ते इंटरनेटवर चालतच नाहीत. बाहेर चालणारे जुन्या पद्धतीचे पत्ते जेमतेम ४३० कोटी, आणि त्यांचा जागतिक साठा २०११ मध्येच वाटून संपला. म्हणून सगळी वाडी एकाच सार्वजनिक पत्त्यावर राहते आणि गेटवे पत्त्यांची अदलाबदल करतो. त्याला म्हणतात नॅट.

‘‘पण पत्ता सांगितला म्हणजे आत घेतलं असं नाही हं,’’ ताई म्हणाली. आत घेणं फायरवॉलच्या हातात. तिचा शेवटचा नियम एकच: वर ज्याचं नाव नाही, त्याला प्रवेश नाही. वेब सर्व्हरसाठी फक्त ४४३ क्रमांकाचं पोर्ट उघडायचं. डेटाबेसला बाहेरून वाटच ठेवायची नाही.

रात्री अडीचला टेस्ट केली. पान उघडेना! लगेच सरांचा फोन. ‘‘अगं, सध्या सगळ्यांना सगळं उघडून दे. सकाळी बघू.’’

‘‘सर, सकाळी कोणी बंद करत नाही,’’ ताई शांतपणे म्हणाली. ‘‘मला अर्धा तास द्या.’’

इतका हट्ट कशासाठी, असं मला वाटलं. तिने एकच शब्द उच्चारला, ‘एम्स’. २३ नोव्हेंबर २०२२ ला दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला. पाच सर्व्हर, सुमारे १.३ टेराबाइट डेटा कुलूपबंद. देशातल्या सर्वात मोठ्या सरकारी हॉस्पिटलांपैकी एक कितीतरी दिवस कागद-पेनावर चाललं. सरकारने संसदेत कारण सांगितलं, की नेटवर्कचे कप्पे नीट पाडलेले नव्हते. कुंपण नव्हतं, एवढाच त्याचा अर्थ!

वीस मिनिटांत लॉगमध्ये घोळ सापडला. नियमात सर्व्हरचा आतला पत्ता लिहिलेला होता. हा गेटवे मात्र अदलाबदलीच्या आधी, बाहेरचा पत्ता बघत होता. एक ओळ बदलली आणि माझ्या मोबाइलच्या डेटावर पान उघडलं. मग तिने मला डेटाबेसचा पत्ता टाकायला लावला. काहीच उघडलं नाही. ‘‘पास!’’ ती म्हणाली. न उघडणं हीसुद्धा टेस्ट असते, हे मला त्या रात्री कळलं.

एवढ्यावर ती झोपली असती, तर ती ताई कसली! आतले सर्व्हर बाहेर कुठे जाऊ शकतात, यावरही तिने नियम लावले. अपडेट्ससाठी ठरलेले पत्ते, बाकी बंद. म्हणाली, ‘‘चोर आत येतो ते काहीतरी बाहेर न्यायलाच ना?’’ वसईकरांना हे वेगळं सांगायला नको. इथल्या गोड्या विहिरींचं पाणी टँकर भरभरून बाहेर गेलं आणि विहिरी खारावू लागल्या. त्याविरुद्ध उभ्या राहिलेल्या हरित वसईच्या चळवळीचे नेते फादर फ्रान्सिस दिब्रिटो याच नंदाखालचे. बाहेर काय जातंय यावर लक्ष ठेवायचं असतं, हे या गावाला इंटरनेटच्या आधीपासून ठाऊक आहे.

आपण ऑफिसात काय करतो? आयटीवाल्याच्या डेस्कपाशी जाऊन ‘बॉस, अ‍ॅक्सेस दे ना यार, अर्जंट आहे’ म्हणतो. तो ‘कशासाठी, कोणाला, किती दिवस?’ विचारतो आणि आपण डोळे फिरवतो. पुढच्या वेळी डोळे न फिरवता उत्तर देऊन बघा. तुमचा ब्लड रिपोर्टही कुठल्या तरी फाटकाच्या आतच ठेवलेला आहे.